पांढर उघडी पडली तेव्हा

२०२४ चा दसरा झाल्यावर पन्नाशीतला एक शेतकरी आईला घेऊन माझ्याकडं आला. पैठण तालुक्यातल्या एका खेड्यात मी आठवड्यातून एक दिवस समुपदेशनाला बसते. तक्रार त्यानं उभ्याउभ्याच सांगितली. माय जेवत नाही. रात्री दोन-तीनला उठून ओट्यावर जाऊन बसते. कुणी बोललं तर हो, नाही, एवढंच. ऑगस्टमध्ये मामा वारले, तेव्हापासून हे सुरू आहे. "डोकं मात्र शाबूत आहे," तो म्हणाला. "रोज दोनदा विचारती, धरण किती टक्के झालं म्हणून."

मी ते तसंच वहीत उतरवलं. स्मरण चांगलं, भोवतालचं भान चांगलं. मराठवाड्यात जायकवाडीचा टक्का कोण विचारत नाही? पावसाळाभर तो आकडा चहाच्या टपरीवर, एसटीत, बँकेच्या रांगेत फिरत असतो. त्यामुळं त्या प्रश्नात काही निराळं असेल असं मुलाला वाटलं नाही आणि मलाही नाही. सगळं प्रकरण त्या एका प्रश्नात होतं, हे कळायला मला जवळजवळ चार महिने लागले.

मायलेकांच्या परवानगीनं हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माहेरच्या गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. तशी गावं नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, बरीच आहेत.

माहेर

मावशींचं, म्हणजे या आईचं, वय चौऱ्याहत्तर. माहेर गंगाथडीचं. इकडं गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. सोळाव्या वर्षी लग्न होऊन त्या वीसेक किलोमीटरवरच्या माळरानाच्या गावात आल्या, तेव्हा धरणाचं काम सुरू झालेलं होतं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. साधारण दहा किलोमीटर लांबीचं मातीचं धरण, सत्तावीस दरवाजे. त्यामागं पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा या तालुक्यांतली कितीतरी गावं आणि गंगाथडीची कसदार काळी जमीन पाण्याखाली गेली.

या दोन तारखांच्या मधली दहा वर्षं म्हणजे मावशींचं माहेरपण. दर पंचमीला भाऊ मुऱ्हाळी, म्हणजे माहेरी न्यायला, येई. पहिलं बाळंतपण माहेरीच झालं. दुसऱ्या खेपेला, १९७४ साली, त्यांना दिवस गेले तेव्हा निरोप आला की यंदा नको, आम्ही घर उतरवतो आहोत. दारं, तुळया, खण काढून बैलगाडीत भरायचं चाललं होतं. मारुतीला वाजतगाजत नव्या गावठाणात नेलं. हे सगळं त्यांनी नंतर ऐकलं. गाव उठलं तेव्हा त्या सासरी बाळंतिणीच्या खाटेवर होत्या, आणि ते बाळ म्हणजे आता त्यांना माझ्याकडं घेऊन आलेला हा मुलगा.

नव्या गावठाणातल्या घराला जुन्या घराचंच दार बसवलं होतं. भिंत बुटकी आणि दार मोठं, म्हणून वरून वीतभर कापावं लागलं. मावशींना त्या घराचं दुसरं काही फारसं आठवत नाही, ते कापलेलं दार आठवतं. पुढं थोरला भाऊ गेला, धाकट्याची पोरं वाळूजच्या एमआयडीसीत लागली, आणि मुऱ्हाळी यायचा तो यायचा बंद झाला. त्याला कुणाचा दोष नव्हता. न्यायचं तरी कुठं?

पहिले दोन महिने

वजन चार किलो उतरलेलं होतं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेनऊ, बी-१२ कमी, थायरॉईड ठीक. विसरभोळेपणाची चाचणी केली, त्यात काही आढळलं नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी पाहिलं आणि सांगितलं, सौम्य नैराश्याची लक्षणं आहेत. आधी रक्त सुधारू, तुम्ही बोलत राहा, दर पंधरवड्याला कळवा. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का, हे मी त्यांना स्पष्ट विचारलं. असं विचारायला माझ्या क्षेत्रातले लोकही कचरतात, पण विचारावंच लागतं. त्या म्हणाल्या, "मरायचं नाही मला. पाहायचं राह्यलंय."

काय पाहायचं राहिलंय, ते त्यांनी सांगितलं नाही.

भावाचं दुःख ताजं आहे, वेळ लागेल, अशी माझी पहिली समजूत. पण भावाबद्दल त्या मोजकंच बोलत आणि गावाचा विषय निघाला की चेहरा उजळे. वेस कुठं होती, घाटाच्या पायऱ्या किती, बारवेला कुठल्या महिन्यात पाणी वर येई, हे सांगताना हात भरभर हलत. नैराश्यात माणसाचा रस बहुतेक सगळीकडूनच उडतो. इथं एका जागी तो जिवंत होता, आणि नेमकी तीच जागा पाण्याखाली होती.

अशा ओढीचा अभ्यास वैद्यकानं फार आधी सुरू केला. १६८८ साली बाझल इथं योहान्नेस होफर या तरुण वैद्यानं आपल्या प्रबंधात घरापासून दूर गेलेल्या स्विस माणसांच्या झुरणीला नॉस्टाल्जिया हे नाव दिलं आणि तिची गणना रोगात केली. पोर्तुगीज भाषेत सौदाद म्हणून शब्द आहे. नसलेल्या माणसाची, जागेची, काळाची ओढ, जिच्यात दुःखाबरोबर गोडीही असते. तो समाज तिला रोग मानत नाही, गाण्यात गातो. आपल्याकडं हुरहुर आहे, आस आहे, विरह आहे, आणि वारकऱ्याच्या तोंडी तर पंढरपूरच माहेर आहे. मुलानं तेही करून पाहिलं होतं. "माय, पंढरपूरला जाऊ, ते समद्यांचं माहेर," असं तो म्हणाला होता. मावशींचं उत्तर, "ते समद्यांचं. माहं निराळं व्हतं."

मला जास्त उपयोग झाला तो पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेच्या कामाचा. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांपासून तिनं सुरुवात केली. माणूस गेला म्हणावं तर देह नाही, आहे म्हणावं तर दारात नाही. अशा हानीला शेवट नसतो आणि तो लादूही नये, असं ती सांगते. बुडालेलं गाव असंच असतं. त्याला कुणी खांदा दिलेला नसतो, त्याचा तेरावा झालेला नसतो. आणि मावशींच्या बाबतीत तर ते दर काही वर्षांनी वर येई.

हे सगळं वाचून असूनही मी नोव्हेंबरात चूक केली.

मावशींना गावाचा निरोप घेता आला नव्हता, तो आता घेऊ द्यावा, असं माझ्या मनात आलं. मुलाला म्हटलं, त्यांना पाण्याच्या काठावर घेऊन जा, फूल वाहा, नारळ सोडा. २०२४ च्या सप्टेंबरात धरण भरलेलं होतं. डोळे पुरणार नाहीत एवढं पाणी, वर पाखरांचे थवे. मावशी काठावर पाच मिनिटं उभ्या राहिल्या, नारळ मुलाच्या हातात परत दिला आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. पुढचे पाच दिवस तोंडात अन्नाचा कण नाही. सून मला फोनवर म्हणाली, "ताई, आत्याबाई नुसतं म्हणत्यात, मला कशाला नेलं तिथं."

निरोपाची कल्पना माझी होती, त्यांची नव्हती. पाच दिवसांचं ते उपाशीपण मला अजून टोचतं.

सुनेचं एक वाक्य

त्यानंतर मी काही सुचवायचं थांबवलं. दर खेपेला त्यांच्या घरी जायचं, अंगणात बसायचं. एकदा धाकट्या नातीनं सहज रांगोळीचा डबा पुढं केला आणि मावशी सारवलेल्या जागेवर गाव काढू लागल्या. वेस, मारुतीचा पार, गल्लीचं वळण, कासाराचं घर, चुलत्यांचा वाडा, मग आपलं घर, त्याचा उंबरा आणि उंबऱ्यापासून गंगेपर्यंत उतरत गेलेल्या पायऱ्या. पायऱ्या मोजून काढल्या. नात विचारत होती, आजी, हे काय, ते काय. संध्याकाळी कोंबड्यांनी सगळं विस्कटलं तेव्हा मला धस्स झालं, पण मावशी म्हणाल्या, "असू दे, उद्या पुन्हा काढू." त्या रात्री त्या अर्धी भाकरी जास्त जेवल्या.

फेब्रुवारीत थोरल्या नातीचं लग्न निघालं. हळद दळायला जातं मांडलं, बायका जमल्या. एक म्हातारी म्हणाली, मावशे, तू सुरू कर. मावशी उठून आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. मी त्या दिवशी तिथं नव्हते. दोन दिवसांनी सुनेनं सांगितलं, आणि तिच्या लेखी ती अगदी साधी गोष्ट होती. "आत्याबाई गात न्हाईत आता. पहिल्या लई गायच्या, गावात कुणाची बी हळद असली तर त्यांनाच बोलावणं यायचं. बाग तोडली त्या सालापासून बंद झालं."

बाग तोडली ते साल २०१३. माझ्या वहीत सगळ्याची सुरुवात ऑगस्ट २०२४ अशी लिहिलेली होती. म्हणजे हे मौन भावाच्या मरणाच्या अकरा वर्षं आधीचं होतं.

मी मावशींजवळ गेले आणि फक्त एवढं विचारलं, "त्या साली कुठली ओवी गात होता?"

बराच वेळ त्या पदराचं टोक पिळत राहिल्या. मग गायल्या नाहीत, नुसती म्हणून दाखवली:

आट आट गंगाबाई, उघडी पडू दे पांढर,
एकदा पाहीन डोळा माह्या वडलांचं घर.

पीक घ्यायची ती काळी आणि गाव वसतं ती पांढर. २०१२ च्या पावसाळ्यात ही ओवी त्यांना सुचली. रोज पहाटे दळता दळता म्हणत. गिरणी आल्यानंतरही सणावाराचं दळण त्या घरीच काढत. त्या वर्षी पाऊस धड आलाच नाही. धरण मृत साठ्यात गेलं, पिण्यासाठी तळातलं पाणी उपसायची वेळ आली, आणि २०१३ च्या उन्हाळ्यात पांढर खरोखर उघडी पडली.

भाऊ ट्रॅक्टर घेऊन आला. मुऱ्हाळीच आला, मावशी म्हणाल्या. भेगाळलेल्या गाळातून चालत बहीणभाऊ गावात शिरले. पांढरे पडलेले शिंपले पायाखाली मोडत होते. भिंती नव्हत्या, पण जोती होती. घराचा दगडी उंबरा जागेवर होता. त्यांनी त्यावर हळदकुंकू वाहिलं, जोत्यावर बसून भाकरी-ठेचा खाल्ला. "चाळीस सालात एवढी पोटभरून जेवले नव्हते, पोरी." भावानं बाभळीची काटकी घेऊन मातीत आईची चूल कुठं होती ते आखून दाखवलं आणि दोघंही त्या रेघेपाशी बसून हसले, रडले.

संध्याकाळी भावानं वेशीपाशी सोडलं. मावशी घराच्या दारात आल्या तर मळ्यातून कुऱ्हाडीचा आवाज येत होता. मुलानं अडीच एकरातली बारा वर्षांची मोसंबी तोडायला माणसं लावली होती. विहीर आटली होती, टँकरच्या पाण्यावर महिनाभर झाडं धरली, मग पैसे संपले. त्या उन्हाळ्यात जालन्या-पैठणाकडं किती बागा अशा सरपणाच्या भावानं गेल्या, ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको.

"मी गंगा आटवली," मावशी म्हणाल्या. "माह्या तोंडानं मागितलं. अन् पोराची बाग गेली."

त्या दिवसापासून ओवी बंद. आणि धरणाचा टक्का विचारणं सुरू. भरतंय म्हटलं की सुटल्यासारखं वाटे, आणि त्याच क्षणी आतून काहीतरी बुडाल्यासारखंही. उतरतंय म्हटलं की भीती, आणि त्या भीतीच्या तळाशी आनंद, आणि त्या आनंदाची पुन्हा लाज. अकरा वर्षं हे दिवसातून दोनदा. मुलगा बिचारा मोबाइलवर बघून आकडा सांगत होता.

२०२४ च्या जूनमध्ये साठा पुन्हा तळाला गेला तेव्हा भावाचा फोन आला. "ताई, पांढर उघडी पडली. येतो न्यायला." मावशी म्हणाल्या, नको, माहे गुडघे दुखू राह्यले. गुडघे काही एवढे दुखत नव्हते. पुन्हा गेले तर पुन्हा घरावर काही येईल, अशी धास्ती होती. भाऊ एकटाच जाऊन आला. ऑगस्टमध्ये तो गेला. पाहायचं राहिलं होतं ते हे.

मुलगा

दुष्काळ का पडतो, २०१२ ला पाऊस किती पट्ट्यात कमी झाला, वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडण्यावरून केवढा वाद झाला, हे सगळं मला सांगता आलं असतं. सांगितलंही, थोडंसं. मावशींनी मान डोलावली. त्यांना काही ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण माझी बाग गेलेली नव्हती. ज्याची गेली त्यानं बोलायला हवं होतं. मी मावशींना विचारलं, मुलाला सांगू का? त्या म्हणाल्या, तू नको, मीच सांगते. तू फक्त इथं बस.

मार्चमधली दुपार होती. त्यांनी ओवीसकट सगळं सांगितलं. मुलगा खाली बघत ऐकत होता. मला वाटलं होतं तो म्हणेल, माय, असं कुठं असतं का. तसं तो म्हणाला नाही. त्यानं विचारलं, "अन् मी गाळ कुठून आणला, ते तुला ठाऊक हाय का?"

त्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांनी धरणातला गाळ ट्रॅक्टर, हायवा भरभरून वावरात आणला होता. यानंही बाग तोडलेल्या रानात साठ खेपा टाकल्या. तो गाळ आईच्या माहेरच्या शिवारातूनच आणला होता, कारण तिकडचा रस्ता त्याला मामानं दाखवला. घरी मात्र सांगितलं नाही. "माय म्हणंल, माहं माहेर खणून आणलं. म्हणून बोललोच न्हाई." गाळातून बांगड्यांच्या काचा, खापराचे तुकडे निघाले होते. ते त्यानं बांधाला पुरून टाकले होते.

दोघंही अकरा वर्षं एकाच उन्हाळ्याचं ओझं वाहत होते आणि एकमेकांपासून लपवत होते. हे मी माझ्या हुशारीनं शोधलेलं नाही. मी तिथं फक्त बसलेली होते.

मावशी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "कंच्या बांधाला?"

ते दोघं मळ्यात गेले. मी गेले नाही. गाळ टाकलेल्या त्या रानात २०१९ पासून पुन्हा मोसंबी उभी आहे.

नंतर

एप्रिलपासून जेवण बरंच सुधारलं, तीन किलो वजन परत आलं, बी-१२ च्या इंजेक्शनांचाही त्यात वाटा आहे. झोप अजून तुटक आहे. गोळ्यांची गरज पडली नाही. पडली असती तर मी आग्रह धरला असता, कारण हुरहुर आणि आजार एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात आणि एकीच्या नादात दुसऱ्याकडं काणाडोळा करणं धोक्याचं असतं. रडणं वाढलं. घरच्यांना त्याची काळजी वाटली. मी त्यांना म्हटलं, आधी त्या चोरून रडत होत्या, आता तुमच्यासमोर रडतात. एवढं चालू द्या.

बांधावरच्या त्या काचा एका डबीत आहेत. नातीनं रांगोळीचं गाव वहीत उतरवून घेतलं आहे, पायऱ्यांसकट. चुलतघरच्या एका लग्नात, वैशाखात, मावशींनी हळदीच्या जात्यावर दोन ओव्या म्हटल्या. पांढरीची ओवी म्हटली नाही.

२०२५ च्या पंचमीला वाळूजहून भाच्यानं मोटारसायकल आणली. बापाच्या माघारी आत्याला मुऱ्हाळी जायचं हे त्याच्या मनानंच घेतलं, कुणी सांगितलं नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात मावशी दोन दिवस राहिल्या, भाचेसुनेच्या हातचं पुरण खाल्लं, आणि तिसऱ्या दिवशी करमत नाही म्हणून परत आल्या. त्या वर्षी धरण लवकर भरत आलं होतं. मी गेले तेव्हा मुलगा ओट्यावर बसून आकडा वाचून दाखवत होता, नव्वदच्या वर गेल्याचा.

"बरं झालं," मावशी म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आटावं असं म्हणत न्हाई मी. आटलं तर जाईन."

"मी नेईन," मुलगा म्हणाला.